लोकनायक बापूजी आणे : आपल्या वणीचा थोर माणूस



२९ ऑगस्टला आपण शाळेत राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा करतो. मेजर ध्यानचंद यांच्या फोटोला हार घालतो, मुलांच्या शर्यती घेतो. ते करायलाच हवं. पण याच तारखेला, मारेगावपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या वणीत, आणखी एक मोठा माणूस जन्मला. ते म्हणजे लोकनायक बापूजी आणे. आपल्या मुलांना ध्यानचंद माहीत असतात, बापूजी आणे मात्र फार तर एखाद्या रस्त्याच्या किंवा कॉलेजच्या नावापुरते. म्हणून हा लेख. मुलांना सांगताना उपयोगी पडेल अशा पद्धतीने लिहिला आहे. मधला एक भाग जरा अवघड आहे. तो गाळू नका, ही आधीच विनंती.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : माधव श्रीहरी आणे
जन्म : २९ ऑगस्ट १८८०, वणी
शिक्षण : बी. ए. (मॉरिस कॉलेज, नागपूर), नंतर कायद्याची पदवी
काम : शिक्षक, वकील, स्वातंत्र्यसैनिक, केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य, बिहारचे राज्यपाल, लोकसभा सदस्य
सन्मान : पद्मविभूषण (१९६८), साहित्य अकादमी पुरस्कार (संस्कृत, १९७३, मरणोत्तर)
मृत्यू : २६ जानेवारी १९६८

नावातला गोंधळ आधी सोडवू

मुलं इथे हमखास चुकतात. 'बापू' म्हटलं की गांधीजी आठवतात आणि 'लोकनायक' म्हटलं की जयप्रकाश नारायण. आपले बापूजी आणे या दोघांहून वेगळे. गांधीजींपेक्षा ते जवळजवळ अकरा वर्षांनी लहान होते आणि जयप्रकाशांपेक्षा बावीस वर्षांनी मोठे. गंमत म्हणजे जयप्रकाशांच्या बिहारचे राज्यपालपदही आमच्या या लोकनायकांनी भूषवलं. फळ्यावर तिन्ही नावं एकाखाली एक लिहा, पुढे जन्मसाल लिहा. गोंधळ तिथेच मिटतो.

वणी, अमरावती, यवतमाळ

त्या काळी वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली होतं, पण कागदोपत्री मालकी हैदराबादच्या निजामाची होती. आपला आजचा यवतमाळ जिल्हाही तेव्हा या नावाने नव्हता. इंग्रज त्याला वणीच्याच नावाने ओळखत. 'यवतमाळ जिल्हा' हे नाव १९०५ मध्ये आलं. आपला मारेगाव तालुकासुद्धा पूर्वी वणीतच मोडत असे. तेव्हा बापूजींना आपल्याच गावचे म्हणायला हरकत नाही.

वणीत पुढच्या शिक्षणाची सोय कुठली? बापूजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पदवी मिळाल्यावर काही वर्षे त्यांनी अमरावतीच्या एका हायस्कुलात शिकवलं. म्हणजे बघा, आपल्याच व्यवसायातले. मग कायद्याचा अभ्यास पुरा केला आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळला वकिली सुरू केली.

१९०८ हे साल लक्षात ठेवायला सोपं आहे. याच वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला नेलं. बापूजी टिळकांच्या विचाराचे. घरची परंपरा संस्कृतची, वृत्ती अभ्यासाची आणि राजकारण टिळकांचं, असा तो मेळ होता. टिळक सुटून आले आणि १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली, तेव्हा वऱ्हाडात ती चळवळ उभी करणाऱ्यांत बापूजी पुढे होते. १९१८ मध्ये त्यांनी यवतमाळातून 'लोकमत' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. हे नाव टिळकांनीच सुचवलं असं सांगतात. आज ज्या नावाचं दैनिक आपल्या घरी येतं, त्या नावाचा उगम आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मुलांना सांगा. त्यांचे डोळे मोठे होतात.

टिळक गेल्यावर

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि काँग्रेसची सूत्रे गांधीजींकडे आली. टिळकांच्या अनुयायांपुढे प्रश्न उभा राहिला. गांधीजी म्हणत होते, सरकारी कोर्ट सोडा, कायदेमंडळं सोडा. टिळकांची शिकवण निराळी होती. सरकार जेवढं देईल तेवढं घ्या, त्याचा वापर करा, उरलेल्यासाठी भांडा. सरकार चांगलं वागलं तर सहकार्य करा, वाईट वागलं तर विरोध करा. याला 'प्रतियोगी सहकारिता' असं नाव होतं.

बापूजींचा कल शेवटपर्यंत टिळकांच्या बाजूचा राहिला. पण म्हणून त्यांनी काँग्रेसशी काडीमोड घेतला नाही. १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षे ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्याच काळात ते दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात निवडून गेले. तिथे न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारितेचा पक्ष चालवला. १९२८ मध्ये भारताच्या भावी घटनेचा आराखडा करण्यासाठी मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत सुभाषचंद्र बोस होते, तेजबहादूर सप्रू होते आणि वणीचे आणेही होते.

नागरिकशास्त्र शिकवताना 'प्रांत' आणि 'केंद्र' हा भेद मुलांच्या डोक्यात शिरत नाही ना? मग बापूजींचं उदाहरण घ्या. वऱ्हाडात ते प्रांताच्या काँग्रेसचे प्रमुख, दिल्लीत केंद्राच्या कायदेमंडळाचे सदस्य. गावाकडचा प्रश्न घेऊन दिल्लीला जायचं आणि दिल्लीत काय झालं ते गावाकडे येऊन सांगायचं. दोन्हीकडची कामं एकच माणूस करत होता.

पुसदचं गवत

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठला? मग इथे काय करायचं?

आपल्या भागातल्या माणसाला उत्तर लगेच सुचेल. इथे मिठाइतकीच जिवाभावाची गोष्ट म्हणजे जंगल. सरकारने जंगलं राखीव केली होती. गुरांसाठी गवत कापायचं तर परवाना, सरपण आणायचं तर परवाना, गुरं चारायची तर पैसे. कोलाम, गोंड आणि शेतकरी, सगळ्यांच्या पोटाशी हा कायदा भिडलेला. म्हणून वऱ्हाड-मध्यप्रांतात मिठाऐवजी जंगल सत्याग्रह ठरला.

१० जुलै १९३० रोजी आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुसदला, बापूजींनी राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापलं आणि अटक करून घेतली. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते, नावाजलेले वकील होते. या आंदोलनासाठी केंद्रीय कायदेमंडळाची जागा त्यांनी आधीच सोडली होती. पुढे याच जुलैत यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला.

इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्या. कायदेमंडळावर बहिष्कार घालावा हे बापूजींना पटत नव्हतं. तरीही लढ्याची हाक आली तेव्हा जागा सोडून ते विळा घेऊन जंगलात गेले. मत वेगळं असणं आणि वेळेला पाठ फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काँग्रेसची जबाबदारी आणि काँग्रेसशी मतभेद

१९३३ मध्ये मोठमोठे नेते तुरुंगात असताना काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद बापूजींकडे आलं. थकलेली सामुदायिक चळवळ थांबवून वैयक्तिक सत्याग्रह करावा, ही घोषणा त्यांच्या नावाने झाली. अशी घोषणा करणाऱ्याच्या वाट्याला टाळ्या कमी आणि बोल जास्त येतात. बापूजींनी स्वतः वैयक्तिक सत्याग्रह करून पुन्हा तुरुंग पत्करला.

पुढच्याच वर्षी त्यांनी काँग्रेसच्या नेतृत्वाला विरोध केला. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर केला होता, म्हणजे धर्म आणि जमातवार वेगळे मतदारसंघ. काँग्रेसने या निवाड्याला मान्यताही द्यायची नाही आणि तो फेटाळायचाही नाही, असं धोरण ठेवलं. पंडित मदनमोहन मालवीय आणि बापूजींना ते मुळीच पटलं नाही. १९३४ मध्ये दोघांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि बापूजी पुन्हा केंद्रीय कायदेमंडळात गेले. वर्षापूर्वी ज्या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं, तिच्याच धोरणाविरुद्ध उभं राहायचं ही साधी गोष्ट नव्हती.

आता अवघड भाग

१९४१ मध्ये व्हाइसरॉयने आपल्या कार्यकारी मंडळात जास्त भारतीय घेतले. हे मंडळ म्हणजे तेव्हाचं दिल्लीचं मंत्रिमंडळच समजा. बापूजींनी त्यात जागा घेतली. परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे आलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ च्या सुरुवातीला जपानने ब्रह्मदेश घेतला आणि लाखो भारतीय डोंगर-जंगलं तुडवत पायी भारताकडे निघाले. वाटेत हजारो मेले. त्या लोकांचा प्रश्न बापूजींच्या खात्याचा होता.

मग आला ऑगस्ट १९४२. 'चले जाव'चा ठराव झाला आणि गांधीजींसह सगळे नेते पकडले गेले. ज्यांनी पकडलं त्या सरकारच्या मंडळात बापूजी बसलेले होते.

१६ ऑगस्टला चिमूर पेटलं. चिमूर आपल्यापासून काही फार लांब नाही, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली, खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांनाही मारलं. त्यानंतर फौज आली आणि घराघरांत शिरून अत्याचार केले. बायकांची विटंबना केली. वर्तमानपत्रांत काही छापून येऊ नये अशी व्यवस्था झाली.

सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला पोहोचले. कोणाच्या घरी? बापूजी आणे यांच्या. सरकारात बसलेला विदर्भाचा माणूस म्हणून. आणे यांनी चिमूरला जावं, अत्याचारांची चौकशी करवून घ्यावी, ही त्यांची मागणी होती. ती पुरी झाली नाही. भन्साळींनी बापूजींच्या घरीच अन्नत्याग सुरू केला. पोलिसांनी त्यांना दिल्लीतून परत वर्ध्याकडे पाठवलं. तरी उपवास सुटला नाही. तो ६३ दिवस चालला आणि १२ जानेवारी १९४३ रोजी प्रांत सरकारशी तडजोड झाल्यावर संपला. या सगळ्या काळात बापूजी आपल्या पदावर होते.

मी सातवीच्या वर्गात हा प्रसंग सांगितला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, सर, मग त्यांनी तेव्हाच राजीनामा का नाही दिला?

खरं सांगतो, माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. थोर पुरुषांचे धडे शिकवताना आपल्याला सवय लागलेली असते की सगळं सरळ जायचं. जन्म, शिक्षण, त्याग, मृत्यू आणि खाली बोध. इथे ते जमेना. मग मी फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला लिहिलं, पदावर राहण्याची कारणं काय असतील? ब्रह्मदेशातून आलेले निर्वासित, परदेशातले भारतीय, टिळकांची शिकवण, पोलीस खातं हातात नसणं. दुसऱ्या बाजूला लिहिलं, पद सोडायला हवं होतं असं का वाटतं? चिमूरच्या बाया, दारात बसलेला उपाशी माणूस, आपल्याच मुलखातल्या लोकांची अपेक्षा. मुलं बोलत गेली. वर्ग दोन गटांत वाटला गेला. तास संपल्याची घंटा झाली तरी एकमत झालं नव्हतं, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

१७ फेब्रुवारी १९४३

पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. वय ७३. आठवड्याभरात प्रकृती इतकी ढासळली की ते वाचतील की नाही अशी शंका येऊ लागली. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं.

१७ फेब्रुवारीला बापूजी आणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी मंडळाचे राजीनामे दिले. बाकीचे जागेवर राहिले.

लक्षात घ्या, गांधीजींशी बापूजींचं अनेक बाबतींत जमलं नव्हतं. बहिष्कारावर नाही, जातीय निवाड्यावर नाही, व्हाइसरॉयच्या मंडळात जाण्यावर तर नाहीच. पण तो माणूस कैदेत मरणाच्या दारात असताना त्याला कैदेत ठेवणाऱ्यांच्या पंगतीत बसायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. चिमूरच्या वेळी हे का घडलं नाही, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही. आणि त्या प्रश्नामुळे १७ फेब्रुवारीचं मोलही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात, तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतराने घडल्या. मुलांना दोन्ही सांगा.

लंका, घटना समिती, बिहार

हा भाग थोडक्यात सांगितला तरी चालेल. १९४३ ते १९४७ बापूजी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून लंकेत होते. तिथल्या चहा-रबराच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर होता. परत आल्यावर ते घटना समितीचे सदस्य झाले. जानेवारी १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल म्हणून गेले आणि जून १९५२ पर्यंत तिथे राहिले. त्या पदावर बसल्यावर दोन-अडीच आठवड्यांतच गांधीजींची हत्या झाली. प्रजासत्ताक आलं तेव्हा आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हाही पाटण्याच्या राजभवनात वणीचा हा माणूस होता.

ऐंशीव्या वर्षी पुन्हा मैदानात

राज्यपालपद संपलं की माणूस घरी बसून आठवणी लिहितो. बापूजी ७१ वर्षांचे होते, त्यांनीही तसं केलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण विदर्भाचा प्रश्न होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला.

बापूजी वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे. नाग-विदर्भ आंदोलनाचं नेतृत्व त्यांनी केलं. नागपूरच्या खासदार अनसूयाबाई काळे वारल्या आणि पोटनिवडणूक लागली. ती लढवून बापूजी लोकसभेत गेले. १९६२ च्या निवडणुकीत ८१ व्या वर्षी नागपुरातून अपक्ष म्हणून ते पुन्हा जिंकले. ज्या अनसूयाबाईंची जागा त्यांना मिळाली, त्यांनी चिमूर-आष्टीच्या कैद्यांना फाशीतून वाचवण्यासाठी जिवाचं रान केलं होतं. इतिहास असा फिरून कुठे येतो, बघा.

वेगळा विदर्भ हवा की नको, यावर आपल्या शिक्षकांच्या खोलीतसुद्धा दोन मतं आहेत, आणि ती असोत. मुलांना एवढंच सांगू की बापूजींचं मत हे होतं आणि ते मागण्यासाठी त्यांनी निवडणुकीचा रस्ता धरला. त्यांचे नातू श्रीहरी आणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. त्यांनीही २०१६ मध्ये याच विषयावरून ते पद सोडलं.

गुरूचं ऋण

या साऱ्या धावपळीत बापूजींचं संस्कृत सुटलं नाही. उतारवयात त्यांनी लोकमान्य टिळकांचं चरित्र संस्कृत श्लोकांत लिहिलं, तेही हजारो श्लोकांचं. 'श्रीतिलकयशोर्णव' हे त्याचं नाव, म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. तरुणपणी ज्या गुरूच्या मागे गेले, त्याचं ऋण साठ वर्षांनी असं फेडलं. १९६८ च्या प्रजासत्ताक दिनी बापूजी गेले. पाच वर्षांनी या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो घ्यायला ते नव्हते.

वर्गात काय करता येईल?

१. भारताच्या नकाशावर वणी, यवतमाळ, पुसद, नागपूर, दिल्ली, पाटणा आणि शेजारची श्रीलंका दाखवा. बापूजींचा प्रवास रेघेने जोडायला सांगा.
२. घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगा : पूर्वी जंगलातून गवत-सरपण आणताना काय काय अडचणी येत? पुसदचा सत्याग्रह मग आपोआप समजतो.
३. वरच्या वर्गांसाठी चर्चा : चांगलं काम करण्यासाठी पदावर राहावं की अन्यायाच्या निषेधासाठी पद सोडावं? दोन्ही बाजूंनी मुलांना बोलू द्या. शेवटी निकाल देऊ नका.
४. 'माझ्या मित्राचं मत मला पटलं नाही तरी मी त्याच्या मदतीला गेलो' या विषयावर दहा ओळी लिहून घ्या.

पालकहो, वणीला बाजाराला किंवा दवाखान्याच्या कामाला जाणं होतंच. पुढच्या वेळी लेकरू सोबत असेल तर बसमध्ये एवढंच सांगा, की या गावातला एक मुलगा शिक्षक झाला, वकील झाला, गवत कापून तुरुंगात गेला, दिल्लीच्या मोठ्या खुर्चीवर बसला आणि एक दिवस ती सोडून उठला. आधी का नाही उठला, असं लेकराने विचारलं तर घाबरू नका. तोच खरा प्रश्न आहे. दोघं मिळून विचार करा.